प्लगिन घेण्याआधी एवढं कर

मित्रा, प्लगिन म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडून आवाजावर काम करणारे छोटे प्रोग्राम. त्यांच्यासाठी लगेच पाकीट उघडू नकोस. रेकॉर्डिंगला रीपर हे सॉफ्टवेअर वापरतोयस ना? मग त्यातला रीआईक्यू (आवाजातला खर्ज-तार भाग कमीजास्त करणारा ईक्यू) आणि रीआकॉम्प (जोरातला आवाज दाबणारा कॉम्प्रेसर) आधी नीट हाताळ. पहिलं वर्षभर मी जवळपास तेवढ्यावरच काढलं.

मोफतमध्ये माझा सगळ्यात जास्त विश्वास टीडीआर नोव्हावर. हा डायनॅमिक ईक्यू आहे, म्हणजे ठरवलेला फ्रीक्वेन्सीचा पट्टा आवाज वाढला की तेवढ्यापुरताच दबतो. घरी गायलेल्या आवाजात २०० ते ४०० हर्ट्झच्या आसपास घुमारा साठतो, खोली लहान असली की फारच. तिथे कायमचा काप दिलास तर खर्जातले सूर पोकळ होतात. नोव्हा गायक जोरात आला तरच दाबतो, हळू ओळीला हातही लावत नाही. तानपुऱ्यावर मात्र हे करू नकोस, त्याची जान जाते.

रिव्हर्बसाठी, म्हणजे आवाजाला मोकळ्या जागेची गुंज द्यायला, वल्हाला सुपरमॅसिव्ह मोफत आहे, पण तो अवाढव्य पसरतो. भावगीताला व्हिंटेजव्हर्ब हवा. ५० डॉलरचा आहे, आणि पैसे खर्चायचेच असतील तर माझ्या मते पहिले इथेच खर्च.

कुठलाही प्लगिन पारखताना चालू-बंद दोन्ही आवाज सारख्याच पातळीवर आण. अर्धा-एक डेसिबल जास्त वाजलं तरी कानाला ते ‘छान’च वाटतं. याच चकव्यात मी एक महागडा कॉम्प्रेसर घेतला, तो आज नुसता पडून आहे.

आणि हो, रेकॉर्डिंगच्या वेळी पंखा बंद कर. ती घरघर नंतर काढताना आवाजही सोलला जातो.