वहीतला डावा रकाना

“मी मुलीला पाठिंबा देतेय की माझं राहून गेलेलं तिच्याकडून करून घेतेय, हे मला कसं कळणार?”

समुपदेशनासाठी येणाऱ्या आया हा प्रश्न मला सतत विचारतात. स्वरात थोडी अपराधी भावना असते आणि समोरच्यानं “छे, तुम्ही कुठे लादताय” असं म्हणावं ही आशाही असते. याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून एका मायलेकींबद्दल सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

मुलगी सोळा वर्षांची, ८०० मीटर धावणारी. वर्षभर शर्यतीच्या आदल्या रात्री पोटात कळा आणि सकाळी उलट्या. सगळ्या तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. मग एका शर्यतीच्या दिवशी ती मैदानाच्या पायरीवर बूट हातात घेऊन बसली ती उठलीच नाही. रडणं नाही, भांडण नाही. नुसती बसून राहिली.

आई पहिल्या भेटीला आली ती एक जाड वही घेऊन. सहा वर्षांची नोंद होती तीत. तारीख, अंतर, वेळ, शेजारी बारीक अक्षरात झोप किती झाली, काय खाल्लं. प्रेमाशिवाय असं काम होत नाही, हे मी आधीच सांगून ठेवते. पण प्रत्येक पानावर दोन रकाने होते. उजवीकडे मुलीच्या वेळा. डावीकडे कोणाच्या, ते लिहिलेलं नव्हतं. मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “त्या माझ्या. त्याच वयातल्या. नुसत्या तुलनेसाठी.” डावा रकाना सोळाव्या वर्षाच्या मध्यावर संपत होता.

“मी तिला कधीच जबरदस्ती केली नाही,” त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. ते खरंही होतं. मुलगीही तेच म्हणाली, “आई कधीच ओरडत नाही.” मग बराच वेळ गप्प राहून म्हणाली, “पण मी हरले की आई दोनदा हरते.”

इतकी वर्षं हे काम करतेय, तरी त्या वाक्यानं मी हलले. लादणं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ओरडणारी, धाक दाखवणारी आई येते. प्रत्यक्षात माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक मुली आईला घाबरत नाहीत, त्या आईला जपत असतात. आईच्या चेहऱ्यावरचं ऊन-सावली त्यांना लहानपणापासून वाचता येतं. आपण जिंकल्यावर आई कशी उजळते आणि हरल्यावर “काही हरकत नाही गं” म्हणतानाही तिचा आवाज कसा खाली जातो, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. शर्यत हरल्यावर परतीच्या वाटेवर आई काय बोलायची, असं मी या मुलीला विचारलं. “छान बोलायची. फक्त रेडिओ लावायची नाही,” ती म्हणाली. जिंकलेल्या दिवशी लावायची.

अ‍ॅव्ही असोर, गाय रॉथ आणि एडवर्ड डेसी यांनी २००४ मध्ये नेमक्या याच गोष्टीवर संशोधन मांडलं. कामगिरीप्रमाणे आईवडिलांची माया कमी-जास्त होते असं ज्या महाविद्यालयीन मुलांना वाटत होतं, ती मुलं अपेक्षेप्रमाणे वागत होती खरी, पण आतून ढकलल्यासारखी. त्यांचा आत्मसन्मान सतत वरखाली होत होता आणि आईवडिलांविषयी मनात राग साठत होता. त्याच अभ्यासाच्या दुसऱ्या भागात आया आणि त्यांच्या मुली होत्या. ज्या आयांनी स्वतः अशी अटीवरची माया सोसली होती, त्यांच्याकडूनही मुलींना पुन्हा तीच मिळत होती.

या आईला तिच्या आईकडून काय मिळालं होतं? ते कळायला चार भेटी लागल्या. तोवर “मला संधी मिळाली नाही” एवढ्यावरच गोष्ट थांबायची. चौथ्या भेटीत त्या तो दिवस बोलल्या. मोठ्या स्पर्धेसाठी निवड झालेली. घरी आई आजारी, धाकटी भावंडं लहान. “आता पुरे झालं पळणं” हे वाक्य आईनं स्वयंपाकघरातून, मागे वळूनही न बघता म्हटलं. यांनी बूट धुतले, वाळवले, कपाटावर ठेवले. “मी रडलेसुद्धा नाही,” त्या म्हणाल्या आणि तिथे, त्या खुर्चीत, तीस वर्षांनी रडल्या.

इथे मला थोडं थांबून बोलायचं आहे. आयांची स्वप्नं अपुरी राहिली ती बहुधा त्यांच्या कमकुवतपणामुळे नाही. स्त्रियांची ८०० मीटरची शर्यत ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा १९२८ साली झाली. धावपटू कोसळल्याच्या तिखटमीठ लावलेल्या बातम्या छापून आल्या, बायकांना एवढं अंतर झेपत नाही असं ठरवलं गेलं आणि ती शर्यत परत आली थेट १९६० मध्ये. बत्तीस वर्षं म्हणजे आई आणि लेक अशा दोन पिढ्यांची उमेद. दार बाहेरून लावलं गेलं होतं. ज्या बाईसमोर ते लागलं तिनं मात्र ते स्वतःचंच अपयश म्हणून गिळलं आणि गिळलेलं दुःख जिरत नाही. मुलगी त्याच वयाला पोचते तेव्हा ते उसळून वर येतं. म्हणून हा त्रास अनेकदा मुलीच्या दहाव्या वर्षी दिसत नाही, नेमक्या त्या वयात दिसतो जिथे आईचं थांबलं होतं.

आपलं राहिलेलं मुलांनी करावं असं वाटणं हा गुन्हा नाही. एडी ब्रुमेलमन आणि सहकाऱ्यांनी नेदरलँड्समध्ये ७३ पालकांसोबत एक प्रयोग केला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतही बहुतेक आयाच होत्या. काहींना स्वतःच्या हुकलेल्या महत्त्वाकांक्षा आठवायला सांगितल्या, काहींना ओळखीच्या माणसाच्या. स्वतःच्या आठवल्यावर आपल्या मुलानं त्या पूर्ण कराव्यात ही इच्छा वाढली, पण ती अशा पालकांमध्ये, ज्यांना मूल म्हणजे आपलाच एक भाग वाटत होतं. मला यातली ही अट फार महत्त्वाची वाटते. स्वप्नानं बिघडत नाही. ‘मी कुठे संपते आणि ती कुठे सुरू होते’ ही रेघ पुसली गेली की बिघडतं.

म्हणून कुणी ती शंका विचारली की मी आयांना मुलीकडे बघायला सांगत नाही, स्वतःकडे बघायला सांगते. ती हरली त्या संध्याकाळी तुमच्या छातीत काय होतं? तिच्यासाठी वाईट वाटतंय की कुणीतरी पुन्हा तुमचंच काढून घेतल्यासारखं? ती म्हणाली, “मला हे नको,” तर तिला त्याची काय किंमत मोजावी लागेल? आणि “मला कुणी करू दिलं नाही, तुला सगळं मोकळं आहे” हे वाक्य महिन्यातून किती वेळा बोललं जातं? आईला ते औदार्य वाटतं, मुलीच्या कानावर ते कर्ज म्हणून पडतं. मोकळीक दिल्याची आठवण सारखी करून दिली की ती फेडावी लागते.

पाचव्या भेटीत दोघींना एकत्र बसवलं. आईनं स्वयंपाकघराची ती गोष्ट पहिल्यांदाच मुलीला सांगितली, तात्पर्य न जोडता. “तात्पर्य सांगायचं नाही” एवढंच मी बजावलं होतं आणि तेच त्यांना सगळ्यांत जड गेलं. मुलगी ऐकून म्हणाली, “तुला आजीचा राग नाही आला?” आई गोंधळली. तो राग यायला हवा होता हेच तिला कधी कुणी सांगितलं नव्हतं. मग मुलीनं वही उघडली, डाव्या रकान्यातल्या वेळा बोट ठेवून वाचल्या. “आई, तू माझ्यापेक्षा फास्ट होतीस,” ती म्हणाली. तिच्या आवाजात निव्वळ कौतुक होतं. त्या दिवशी ती वही आई घरी घेऊन गेली आणि माझ्या माहितीप्रमाणे त्यानंतर तीत काही लिहिलं गेलेलं नाही.

लगेच सगळं सुरळीत झालं नाही. मुलीनं पाच महिने बूट घातले नाहीत. त्यातले दोन महिने आईला फार कठीण गेले. त्या एकट्या माझ्याकडे येत राहिल्या आणि आम्ही तिच्याबद्दल बोललोच नाही, त्यांच्या सोळाव्या वर्षाबद्दल बोललो. पोटदुखी मात्र गेली. “मला धावायला आवडतं का, हे थांबल्याशिवाय कसं कळणार होतं?” मुलगी मला म्हणाली होती.

गेल्या आठवड्यात आईचा फोन आला. मुलगी आदल्या दिवशी मैत्रिणींबरोबर धावून आली होती, घड्याळ घरीच ठेवून.

“किती वेळ लागला ते मी विचारलं नाही,” त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, “अगदी ओठांवर आलं होतं हो.”