शिक्का कुरासाओचा, खेळ सांगलीत

प्रश्न : माझा भाचा मोबाइलवर एका साइटवर पैसे लावून रुलेट खेळतो. साइटच्या तळाशी कुरासाओच्या परवान्याचा शिक्का आहे. खात्यात जिंकलेले ४२ हजार दिसतात, पण ते काढायला आधी ८ हजार 'टॅक्स' भरा म्हणतात. तो मला म्हणतो, "मावशी, गोव्यात कॅसिनो चालतात, मग हे बेकायदा कसं?" काय सांगू त्याला?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, आधी त्याला ते ८ हजार भरू देऊ नका. बाकीचं मग.

कराडच्या आठवडी बाजाराची पावती दाखवून कुणी तुमच्या गणपती पेठेत हातगाडी लावली, तर चालेल का? परवान्याचंही तेच. कुरासाओ हे व्हेनेझुएलाच्या उत्तरेचं, नेदरलँड्सच्या राजछत्राखालचं बेट. तिथे कित्येक वर्षं मोजक्या परवानाधारकांनी ढीगभर साइटना पोटपरवाने वाटले. डिसेंबर २०२४मध्ये नव्या कायद्याने ती पद्धत मोडली. म्हणजे शिक्का खरा आहे की नुसतं चित्र, हाही प्रश्नच. ब्रिटनने २०१४पासून भानगडच ठेवली नाही: ऑफिस कुठेही असो, आमच्या माणसाकडून पैज घ्यायची तर आमच्याच गॅम्बलिंग कमिशनचा परवाना काढा.

आता गोवा. आपल्या घटनेत जुगार हा राज्यांचा विषय. गोव्याने १९७६च्या आपल्या जुगारविरोधी कायद्याला १९९२मध्ये खिडकी पाडली, पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट मशीन आली. १९९६मध्ये टेबलावरच्या खेळांनाही वाट दिली, पण जहाजावर. म्हणून पणजीच्या जेटीवरून रात्री मांडवीत झगमगाट दिसतो. (बोटी नांगरलेल्याच असतात, पण कायद्याला जहाज हवं ना!) शिवाय २०२०पासून खुद्द गोवेकरालाच तिथे खेळायला बंदी. सिंगापूर आपल्या नागरिकाला अडवत नाही, फक्त २४ तासांचे १५० सिंगापूर डॉलर घेतं; परदेशी पाहुणा फुकट आत. आणि आपण? त्याच १९७६मध्ये महाराष्ट्रानेही कॅसिनोचा कायदा केला, कधी लागूच केला नाही आणि २०२३मध्ये रद्द करून टाकला.

भाच्याच्या रुलेटला यातलं काहीच लागू नाही. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५मध्ये केला. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा वादच त्यात ठेवला नाही. चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद, १ कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही, तेव्हा तक्रार करायला त्याने घाबरू नये.

आणि तो 'टॅक्स'. जिंकलेल्या रकमेवरचा टीडीएस देणारा कापून देतो, आधी भरून घेत नाही. माझ्या एका अशिलाने असा टॅक्स तीनदा भरला. चौथ्यांदा 'खाते पडताळणी शुल्क' मागितलं, तेव्हा कुठे माझ्याकडे आला. तोवर वैतागून ॲपही काढून टाकलेलं, चॅट गेलं, पुरावा गेला. भाच्याला म्हणावं, आधी स्क्रीनशॉट काढ, यूपीआयचे व्यवहार क्रमांक वहीत उतरव, आणि आजच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लाव.