मेंदूविषयी तुमचे प्रश्न : बातमीतला पेशंट कोण होता?

प्रश्न : माझी आई ७६ वर्षांची आहे. अल्झायमरचं निदान होऊन सहा वर्षं झाली. आता ती मला कधी ओळखते, कधी मामाच्या नावाने हाक मारते. आंघोळ, कपडे, जेवण सगळं आम्ही करतो. लेकॅनेमॅब नावाच्या औषधाने हा आजार २७ टक्क्यांनी मंदावतो असं वाचलं. ते आईला देता येईल का? सुरुवातीलाच दिलं असतं तर ती आज बरी असती का? भाऊ म्हणतो, घर विकावं लागलं तरी चालेल.

उत्तर : भावाचं वाक्य वाचल्यावर कारणं सांगत बसण्याआधी उत्तर द्यायला हवं, असं वाटलं. आईंच्या आजच्या अवस्थेत हे औषध देऊ नये. त्यासाठी घर तर मुळीच विकू नका.

२७ टक्के हा आकडा खरा आहे. तो कुठून आला ते सांगते. २०२२च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १,७९५ जण होते. निम्म्यांना दर दोन आठवड्यांनी शिरेतून लेकॅनेमॅब दिलं, निम्म्यांना तसंच दिसणारं पण औषध नसलेलं द्रावण. कुणाला काय मिळतंय हे पेशंटला माहीत नव्हतं आणि तपासणाऱ्यांनाही नाही. स्मरणशक्ती, वेळ-स्थळाचं भान, निर्णय घेणं, बाहेरचे व्यवहार, घरातली कामं आणि छंद, स्वतःचं आवरणं या सहा गोष्टींवर मिळून ० ते १८ गुण देतात. गुण जितके जास्त, तितका आजार पुढे गेलेला. १८ महिन्यांनी औषध न मिळालेल्या गटाचे गुण सरासरी १.६६ने वाढले, औषध मिळालेल्यांचे १.२१ने. फरक ०.४५चा, म्हणजे १.६६च्या २७ टक्के. दोन्ही गट खालावले, एक जरा सावकाश. यात कुणाची गेलेली आठवण परत आली नाही.

अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली एका स्त्रीच्या मेंदूत अमायलॉइड या प्रथिनाचे जे साके पाहिले, ते काढून टाकल्याने आजाराचा वेग कमी होतो का, हा प्रश्न कित्येक दशकं लोंबकळत होता. याच कल्पनेवरच्या बऱ्याच औषधांनी निराशा केल्यानंतर मोठ्या चाचणीत स्पष्ट ‘हो’ मिळालं, म्हणून मला हे काम मोलाचं वाटतं. पण प्रयोगशाळेच्या दृष्टीने मोठी असलेली गोष्ट घरातल्या माणसांना जाणवेलच असं नाही, आणि २७ टक्क्यांच्या मथळ्यात नेमकं हेच दिसत नाही.

आता तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचं. या चाचणीत घेतलेले लोक आजाराच्या अगदी पहिल्या पायऱ्यांवर होते. विसरायला होतंय पण बहुतेक व्यवहार चालू आहेत, असे. शिवाय पेट स्कॅन किंवा पाठीच्या कण्यातल्या पाण्याच्या तपासणीने मेंदूत अमायलॉइड असल्याची खात्री केलेली होती. तुमच्या आईंच्या पायरीवरचं कुणी त्यात नव्हतं. त्यामुळे फायद्याचा पुरावा नाही, धोका मात्र आहे. औषध घेणाऱ्यांपैकी १२.६ टक्के जणांच्या एमआरआयमध्ये मेंदूला सूज दिसली. बऱ्याच जणांना तिचा त्रास जाणवला नाही, पण काहींच्या मेंदूत रक्तस्रावही होतो. एपीओई-४ या जनुकाच्या दोन प्रती असलेल्यांना हा धोका जास्त. म्हणून उपचार चालू असताना पुन्हा पुन्हा एमआरआय करावा लागतो. स्वतःचं आवरताही न येणाऱ्या माणसाला हे सगळं सोसायला लावायचं, तेही पुराव्याशिवाय, हे मला पटत नाही.

सुरुवातीलाच दिलं असतं तर? सहा वर्षांपूर्वी हे औषध चाचणीबाहेर कुणालाच मिळत नव्हतं. अमेरिकेच्या एफडीएने त्याला पूर्ण मान्यता दिली ती जुलै २०२३मध्ये. तुम्ही आणि तुमच्या भावाने आईंच्या वाट्याचं काहीही हुकवलेलं नाही. हे भावाला नक्की सांगा, माझं नाव घेऊन सांगा.

आज करण्यासारखं मात्र बरंच आहे. आई दोनचार दिवसांत अचानक जास्त गोंधळल्या, तर ‘आजार वाढला’ म्हणून सोडून देऊ नका. लघवीतला जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता, अंगातलं पाणी कमी होणं, नव्याने सुरू केलेली झोपेची किंवा सर्दीची गोळी ही कारणं मी वर्षानुवर्षं पाहत आले आहे, आणि ती दूर करता येतात. ऐकू येतं का, चष्म्याचा नंबर बरोबर आहे का, हेही बघा. मेमॅन्टिन हे जुनं औषध मध्यम आणि पुढच्या अवस्थेसाठीच आहे, त्याबद्दल डॉक्टरांना विचारा. आणि आईंनी मामांच्या नावाने हाक मारली तर चूक दुरुस्त करू नका, त्या हाकेला ओ द्या. त्यांना हवं असलेलं माणूस जवळ आहे, एवढं त्यांना कळलं तरी पुष्कळ.

प्रश्न : मी ५८ वर्षांचा आहे, नऊ वर्षांपासून पार्किन्सन्स. गोळीचा असर आता तीन तासांत उतरतो आणि मग पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. प्रयोगशाळेत तयार केलेल्या पेशी मेंदूत बसवून लोक बरे झाले, अशी बातमी वाचली. एका क्लिनिकने मला पाठीच्या कण्यातून स्टेम सेलचं इंजेक्शन देऊ केलं आहे. घेऊ का?

उत्तर : घेऊ नका. बातमीतला उपचार आणि क्लिनिकचा उपचार यांच्यात ‘स्टेम सेल’ (इतर प्रकारच्या पेशी बनवू शकणारी मूळ पेशी) या शब्दापलीकडे काहीही समान नाही.

विद्यार्थी असताना पार्किन्सन्स झालेल्या माणसाच्या मेंदूचा काप मी पहिल्यांदा पाहिला. मध्यमेंदूत जिथे काळसर पट्टा दिसायला हवा, तिथे तो फिकटला होता. डोपामिन हे हालचालींसाठी लागणारं रसायन तयार करणाऱ्या पेशी त्या पट्ट्यात असतात, त्या गेल्या की रंगही जातो. तेव्हापासून या जागी नव्या पेशी लावता येतील का, या प्रश्नाने मला सोडलेलं नाही. म्हणून एप्रिल २०२५मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आलेले दोन अहवाल मी आतुरतेने वाचले.

क्योटोतल्या अभ्यासात सात पेशंट होते. दात्याच्या पेशींपासून प्रयोगशाळेत डोपामिनच्या मार्गावर आणलेल्या कोवळ्या पेशी तयार केल्या आणि शस्त्रक्रिया करून मेंदूच्या दोन्ही बाजूंना, नेमक्या ठरलेल्या भागात बसवल्या. शरीराने त्या नाकारू नयेत म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारं औषध दिलं. दोन वर्षांत गंभीर दुष्परिणाम दिसला नाही, गाठ झाली नाही. परिणाम सहा जणांत मोजला. गोळीचा असर नसताना चौघांच्या हालचाली सुधारल्या होत्या, आणि स्कॅनवर डोपामिन तयार होत असल्याचं दिसलं. दुसऱ्या अभ्यासात मानवी भ्रूणाच्या स्टेम सेलपासून बनवलेल्या पेशी बारा जणांना दिल्या. तिथेही पेशी तगल्या.

पण दोन्ही अभ्यास मुख्यतः ‘हे सुरक्षित आहे का’ हे विचारण्यासाठी होते. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. पार्किन्सन्समध्ये ही उणीव फार मोठी ठरते, कारण या आजारात आशेनेही मेंदूत डोपामिन स्रवतं. २००१ साली पेट स्कॅनवर हे प्रत्यक्ष दाखवलं गेलं : औषध नसलेलं इंजेक्शन दिल्यावरही पेशंटच्या मेंदूत डोपामिन वाढलं. म्हणजे इंजेक्शननंतर चार आठवडे बरं वाटलेला माणूस खोटं बोलत नसतो. त्याला खरंच बरं वाटलेलं असतं, आणि तरीही उपचार निकामी असू शकतो. तुमच्या क्लिनिकने दाखवलेले व्हिडिओ या दृष्टीने पुन्हा बघा.

इतिहासही सावध करणारा आहे. गर्भातील पेशी बसवण्याचे प्रयोग १९८०च्या दशकात सुरू झाले. २००१मध्ये चाळीस पेशंटांच्या चाचणीचा निकाल आला. त्यात निम्म्यांवर फक्त शस्त्रक्रियेचा देखावा केला होता. साठीच्या आतल्यांना थोडा फायदा दिसला, पण काहींना पुढे गोळ्या थांबवूनही न थांबणाऱ्या वेड्यावाकड्या हालचाली सुरू झाल्या. २००८मध्ये तर असं आढळलं, की दहा-पंधरा वर्षांपूर्वी बसवलेल्या काही पेशींतही पार्किन्सन्सच्या खुणा उमटल्या होत्या.

तरी मी आशावादी आहे. पण ती आशा मेंदूच्या ठरावीक भागात काळजीपूर्वक बसवलेल्या, वर्षानुवर्षं तपासलेल्या पेशींबद्दल आहे, कण्यात टोचलेल्या कसल्याशा द्रावणाबद्दल नाही. तुमच्या तीन तासांच्या प्रश्नावर आज सिद्ध झालेले उपाय आहेत. गोळ्यांच्या वेळा आणि मात्रा बदलणं, प्रथिनं जास्त असलेलं जेवण आणि गोळी यांत अंतर ठेवणं, आणि डीप ब्रेन स्टिम्युलेशन, म्हणजे शस्त्रक्रियेने मेंदूत बारीक तारा बसवून विजेचे सौम्य झटके देणं. गोळीने तुम्ही अजून चांगले उठता आहात, त्यामुळे या शस्त्रक्रियेसाठी तुमचा विचार होऊ शकतो. आठवडाभर दर तासाला गोळीचा असर ‘चालू’ की ‘बंद’ एवढंच लिहून ठेवा आणि तो कागद तुमच्या न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. त्या कागदावरून जेवढं ठरवता येतं, तेवढं अर्ध्या तासाच्या भेटीत बोलूनही ठरत नाही.

प्रश्न : मी जीवशास्त्राची विद्यार्थिनी आहे. उंदरांत आजार बरा झाल्याच्या बातम्या सतत येतात, माणसांत मात्र तेच औषध चालत नाही. मग उंदरांवर संशोधन करायचंच कशाला?

उत्तर : कारण नीट केलं तर ते चालतं, आणि ‘नीट’ म्हणजे काय हे आता बऱ्यापैकी कळलं आहे.

एएलएस या, स्नायूंना हलवणाऱ्या चेतापेशी मरत जाणाऱ्या आजारासाठी जनुकीय बदल केलेले उंदीर वापरतात. अमेरिकेतल्या एका संशोधन संस्थेने ७०हून अधिक औषधं त्याच उंदरांवर पुन्हा तपासली आणि २००८मध्ये निकाल मांडला : एकाही औषधाने आयुष्य वाढलं नाही. आधी गुणकारी म्हणून छापून आलेली औषधंही त्यांत होती. का? आधीच्या प्रयोगांत उंदीर कमी होते. नर माद्यांपेक्षा लवकर मरतात, पण दोन्ही गटांत त्यांचं प्रमाण सारखं राखलं नव्हतं. काही उंदीर एएलएसने मेलेच नव्हते, तेही मोजले होते. एवढ्यानेही ‘गुण’ दिसू शकतो.

दुसरी बाजूही बघ. स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफीत एसएमएन-१ हे जनुक निकामी असतं आणि बाळाचे स्नायू मरगळत जातात. एसएमएन-२ नावाचं जुळं जनुक शाबूत असतं, पण त्याच्यापासून बनणाऱ्या प्रथिनातला एक तुकडा बहुतेक वेळा गळतो. तो गळू न देणारा रेणू पेशींत आणि उंदरांत घासूनपुसून तयार केला गेला. तोच नुसिनर्सेन. बाळांवरच्या चाचणीत औषध मिळालेल्या ७३पैकी ३७ बाळांनी मान धरणं, कुशीवर वळणं, बसणं असे हालचालींचे टप्पे गाठले. औषध न मिळालेल्या ३७पैकी एकानेही नाही. मी शिकत असताना या आजाराबद्दल आईवडिलांना सांगण्यासारखं फारसं काही नव्हतं. आज या ओळी लिहिताना मला मनापासून आनंद होतो आहे.

इथे आजाराचं कारण एकच होतं, ते नेमकं माहीत होतं आणि उंदरातही तेच घडवलं होतं. अल्झायमरचं तसं नाही. उंदराला तो आपोआप होतच नाही, आपण त्याचा एखादा तुकडा उंदरात उभा करतो. पुढचा शोधनिबंध हाती आला की निष्कर्षाआधी ‘पद्धती’ हा भाग वाच. उंदीर किती, नर किती, माद्या किती, गट चिठ्ठी टाकून पाडले का, मोजणाऱ्याला गट माहीत होता का, आणि औषध आजार सुरू होण्याआधी दिलं की नंतर.

प्रश्न : वडिलांना झोपेतून उठल्यावर पक्षाघात झालेला आढळला. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची साडेचार तासांची मुदत उलटली असेल असं समजून आम्ही सकाळ होईपर्यंत थांबलो. आता ते सावरत आहेत. पुन्हा असं झालं तर काय करायचं?

उत्तर : थांबायचं नाही, लगेच निघायचं. वेळ मोजतात ती माणूस शेवटचा ठीक असताना कुणी पाहिला तिथपासून, पण झोपेतल्या पक्षाघातासाठी घड्याळाशिवायही मार्ग आहे. २०१८मध्ये आलेल्या एका चाचणीत अशा ५०३ पेशंटांची एमआरआयने निवड केली. इजा ताजी असल्याच्या खुणा दिसल्यावर गुठळी विरघळवणारं औषध दिलं, तेव्हा ५३ टक्के लोक जवळजवळ पूर्ण सावरले. औषध न मिळालेल्यांत हे प्रमाण ४२ टक्के होतं. मोठ्या रक्तवाहिनीतली गुठळी तारेने काढण्याचा उपाय तर निवडक पेशंटांमध्ये २४ तासांपर्यंत करता येतो. त्यावरच्या चाचणीत उपचार मिळालेल्यांपैकी ४९ टक्के लोक तीन महिन्यांनी स्वतःचं स्वतः करू शकत होते, न मिळालेल्यांपैकी १३ टक्के. उशीर झाला की नाही हे स्कॅन बघून डॉक्टर ठरवतील. दवाखान्यात पोचताच दोन गोष्टी सांगा : रात्री शेवटचं त्यांच्याशी नीट बोलणं किती वाजता झालं, आणि रक्त पातळ करणारी कुठली गोळी चालू आहे का.