ब्रिटल स्टारच्या भुजेतले स्नायू

ब्रिटल स्टार हा तारामाशाच्या नात्यातला समुद्री प्राणी. एका वाचकाने विचारले आहे की, ‘ब्रिटल स्टारच्या पाचही भुजांतील स्नायू तोंडाभोवतीच्या कड्याला जोडलेले असतात, त्याला मेंदू नसतो’ हे माहितीपटातील निवेदन बरोबर आहे का आणि या प्राण्याला मराठीत काय म्हणावे. मेंदू नसतो हे खरे. बाकीचे वाक्य चुकले आहे. संवेदना वाहणाऱ्या तंतूला हिंदीत ‘स्नायु’ म्हणतात, मराठीत मात्र स्नायू म्हणजे आकुंचन पावून हालचाल घडवणारे मांस. हा भेद न पाहता हिंदी शब्द जसाच्या तसा उचलण्याची खोड अलीकडे फारच बोकाळली आहे. ‘भुजांतील चेतारज्जू (संवेदना वाहणाऱ्या तंतूंचे दोर) तोंडाभोवतीच्या चेतावलयाला (अशाच तंतूंच्या कड्याला) जोडलेले असतात’ असे म्हणायला हवे होते.

संस्कृतातला अर्थ तिसराच आहे. सुश्रुताने सांगितलेले ९०० स्नायू म्हणजे सांधे आवळून धरणारे बंध. दोरांनी बांधलेल्या फळ्यांची नाव जसा भार पेलते, तसे शरीर त्यांच्यामुळे भार पेलते, असे तो म्हणतो. आणि ज्यावरून ‘न्यूरॉन’ (चेतापेशी) हा शब्द आला तो ग्रीक ‘नेउरॉन’ याच कुळातला आहे! त्याचाही जुना अर्थ कंडरा (मांस हाडाला जोडणारा चिवट बंध), धनुष्याची दोरी असाच होता. ग्रीकांनी तो संस्कृतातून उचलला असे छातीठोकपणे सांगणारे विद्वान साफ चुकतात. दोन्ही शब्द एकाच प्राचीन मुळातून स्वतंत्रपणे उतरले असून, शब्दारंभीच्या ‘स्न’मधला ‘स’ ग्रीकमध्ये नियमानेच गळतो.

या शब्दाचे तिन्ही अर्थ ब्रिटल स्टारच्या भुजेत एकत्र भेटतात, म्हणून येथे घोटाळा मुळीच परवडत नाही. भुजेत कॅल्साइट या चुनखडीतल्या खनिजाच्या मणक्यांची रांग असते. लगतच्या दोन मणक्यांमध्ये मराठी अर्थाचे चार स्नायू असतात, संस्कृत अर्थाचा बंध असतो, आणि तोंडाकडच्या बाजूने, मणक्यागणिक फुगीर होत, हिंदी अर्थाचा स्नायु धावतो. त्याच्या आदेशाने मांस आकुंचते व भुजा वळते. शत्रूने भुजा पकडली तर चेतासंस्थेच्याच नियंत्रणाखाली बंध मऊ पडतात आणि भुजा गळून पडते. चेतासंस्थेसाठी ‘मज्जासंस्था’ हा शब्द रूढ आहे म्हणून येथेही चालवावा, हे मत मला अमान्य आहे: मज्जा हाडाच्या पोकळीत असते आणि या प्राण्यात ती नावालाही नाही.

नावाबद्दल थोडक्यात सांगतो. भुजा ठिसूळपणामुळे तुटत नसल्याने ‘ठिसूळ तारा’ नको. ‘ऑफियुरा’ या शास्त्रीय नावात सापाची शेपटी आहे, तेव्हा ‘सर्पतारा’ म्हणावे.