प्रभात फिल्म कंपनीचा एकच जुना मराठी सिनेमा बघायचा असेल तर कुठला बघू?

डोळे झाकून 'कुंकू' बघा, १९३७ चा, दिग्दर्शक शांतारामबापूंचा (व्ही. शांताराम). 'संत तुकाराम' जास्त गाजलेला आहे, पण मी दोन्ही बघितलेत आणि आजच्या माणसाला 'कुंकू' पटकन भिडतो, कारण फसवून म्हाताऱ्या वकिलाशी लग्न लावलेली नीरा रडत बसत नाही, सरळ त्याला नवरा मानायलाच नकार देते, आणि नीरा झालेल्या शांता आपटेचा तो ताठा बघण्यासारखा आहे. त्यात बॅकग्राउंड म्युझिक नाहीये, नुसते खरे आवाज, त्यामुळे भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक म्हाताऱ्याइतकीच आपल्यालाही छळते. फक्त प्रिंट जुनी, संवाद कधीकधी नीट कळत नाहीत, हेडफोन लावून बघा.