ब्रेक्झिटमुळे, म्हणजे ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडल्यामुळे, सामान्य माणसाच्या रोजच्या आयुष्यात खरंच काही बदललं का, की तो अर्थतज्ज्ञांचा बागुलबुवा होता? भारतानेही असे व्यापार करार सोडून बाहेर पडावं का?

बदललं. ज्यांचं बदललं त्यांना विचारायला कुणी जात नाही, म्हणून बाकीच्यांना तो बागुलबुवा वाटतो.

मी अर्थशास्त्र शिकलेली नाही. भोसरी एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे, पितळेचे आणि स्टीलचे टर्निंगचे सुटे भाग बनतात. लग्न होऊन या घरात आल्यापासून एक्स्पोर्टचं कागदकाम माझ्याकडे आहे. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल, सीएचएशी (कस्टमचं काम करून देणारा एजंट) फोनाफोनी, पैसे आले की बँकेतली पूर्तता, सगळं. मशीनवर काय चाललंय ते यजमान बघतात आणि गिऱ्हाईकांशी बोलणं धाकटे दीर. तुमचा प्रश्न ज्या सुरात आहे त्याच सुरात भाऊजी माझ्याशी कित्येक वर्षं वाद घालत होते, म्हणून हे लांबलचक लिहिते आहे.

आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक इंग्लंडच्या मिडलँड्स भागातलं होतं, एक स्टॉकिस्ट. आम्ही न्हावा शेवा बंदरातून माल पाठवायचा, तो त्यांच्या गोदामात उतरायचा आणि तिथून लागेल तसा पुढे जायचा. भाऊजींच्या लेखी तो सगळा इंग्लंडचा धंदा. पण खोक्यांवर लावायची लेबलं मी छापत होते, आणि निम्म्याहून जास्त लेबलं जर्मन भाषेत असायची. माल इंग्लंडमध्ये उतरत होता, वापरला जात होता जर्मनीत. इंग्लंड तेव्हा युरोपियन युनियनमध्ये होतं; तिथे एकदा ड्युटी (आयात कर) भरली की तो माल अख्ख्या युरोपियन युनियनमध्ये कुठेही फिरायला मोकळा, ना तपासणी ना कागद, म्हणून हे जमत होतं.

२३ जून २०१६ ला तिकडे मतदान झालं. ५१.९ टक्के लोक बाहेर पडायच्या बाजूने. दुसऱ्या दिवशी पौंड गडगडला. शंभर रुपयांच्या आसपास हिशोब धरून आम्ही माल पाठवलेला, उधारी तीन महिन्यांची, पैसे हातात आले तेव्हा पौंड नव्वदच्याही खाली होता. तो फटका आम्ही गिळला, त्याबद्दल तक्रार नाही, चलन वरखाली होतच असतं.

वाद झाला तो पुढच्या गोष्टीवर. भाऊजी म्हणत होते, "वहिनी, इंग्लंड आता मोकळं झालं. युरोपची बंधनं गेली की ते आपल्याकडूनच माल घेणार, ऑर्डर दुप्पट होतील." मी म्हणत होते की आपला माल त्यांच्या दारातून पुढे जातो, ते दार बंद झालं तर आपल्याला दुसरं दार हवं. नेदरलँड्समध्ये भाड्याच्या गोदामात थोडा स्टॉक ठेवू, तिथल्या रॉटरडॅम बंदराला थेट कंटेनर लावू, जर्मन माल इंग्लंडला न्यायचाच कशाला? यावर उत्तर ठरलेलं असायचं: "तुम्ही कागद बघा, धंदा आम्ही बघतो."

२४ डिसेंबर २०२० ला ब्रिटन आणि युरोपियन युनियनचा व्यापार करार ठरला. शून्य ड्युटी, कोटा नाही. भाऊजींनी बातमी मला फोनवर वाचून दाखवली. मी एकच विचारलं, शून्य ड्युटी कुणाच्या मालाला? तर जो माल ब्रिटनमध्ये किंवा युरोपियन युनियनमध्ये तयार झाला त्याला. आमचा माल भोसरीत तयार होतो. तो इंग्लंडला जाऊन, ड्युटी भरून, नुसता खोकं बदलून जर्मनीला निघाला, तर जर्मनीच्या नजरेत तो भारतीयच माल आणि त्याला पुन्हा ड्युटी. एकाच वस्तूवर दोनदा. ही अट करारातच होती, लपवलेली नव्हती.

आमच्या एकट्याचं असं झालं असंही नाही. मार्क्स अँड स्पेन्सरच्या पर्सी पिग नावाच्या गोळ्या तेव्हा गाजल्या होत्या. त्या जर्मनीत बनायच्या, ब्रिटनमध्ये यायच्या, तिथून युरोपियन युनियनमध्येच असलेल्या आयर्लंडच्या दुकानांत जायच्या. काही न करता त्या नुसत्या पुढे पाठवल्या की ड्युटी लागू. म्हणजे युरोपात बनलेली गोळी युरोपातच परत जाताना परकी ठरत होती.

जानेवारी २०२१ पासून आमच्या स्टॉकिस्टची जर्मनीची डिलिव्हरी अडकायला लागली. पहिल्यांदा ड्युटीमुळे नाही, लाकडामुळे. युरोपियन युनियनच्या आत फिरणाऱ्या लाकडी पॅलेटला (ज्या चौकटीवर खोकी रचतात) उष्णता दिल्याचा शिक्का लागत नाही, बाहेरून येणाऱ्याला लागतो. आमच्या पॅलेटवर तो शिक्का कायम असतो, कारण आम्ही पहिल्यापासून बाहेरचे. पण स्टॉकिस्ट माल उतरवून स्वतःच्या साध्या पॅलेटवर चढवायचा. ब्रिटन १ जानेवारीला बाहेरचं झालं आणि त्याची पॅलेट चालेनाशी झाली. ते निस्तरलं तर ईओआरआय नंबरचा (कस्टममधला आयात-निर्यातदाराचा नोंदणी नंबर) घोळ: ब्रिटनचा नंबर युरोपियन युनियनमध्ये चालत नाही, तिथला वेगळा काढा. मग व्हॅट कुणी भरायचा, आयातदार म्हणून नाव कुणाचं लावायचं. जर्मन गिऱ्हाईक सरळ म्हणालं, आम्हाला आयातदार व्हायचं नाही, पूर्वीसारखा दारात माल द्या. स्टॉकिस्टने आमच्याकडे भाव कमी करायची मागणी केली. थोडा केलाही. तरी पुढच्या वर्षी ती जर्मन लेबलं छापणं बंद झालं, कारण त्या गिऱ्हाईकाने युरोपियन युनियनच्या आतलाच पुरवठादार धरला.

आता रोजच्या आयुष्याबद्दल विचारलंत ना? दोन सीएनसी मशीनची रात्रपाळी बंद झाली. ओव्हरटाइमच्या भरवशावर ज्याने गाडीचा हप्ता धरला होता तो ऑपरेटर चाकणला दुसरीकडे गेला. आमच्याकडून प्लेटिंगचं काम जायचं त्या माणसाचं काम कमी झालं. इंग्लंडमधल्या कुठल्या तरी मतपेटीचा परिणाम भोसरीतल्या रात्रपाळीवर होतो, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

पुण्याच्या लोकांना हे समजायला लंडनला जायची गरज नाही. जकात आठवा. २०१३ पर्यंत पिंपरी-चिंचवडची जकात वेगळी, पुण्याची वेगळी. भोसरीतून हडपसरला हीट ट्रीटमेंटला टेम्पो पाठवला तर नाक्यावर पटवून द्यावं लागायचं की हा जॉबवर्कचा माल आहे, विकायला नेत नाही, संध्याकाळी परत येणार आहे. रकमेपेक्षा खोळंबा महाग पडायचा. मग एलबीटी (स्थानिक संस्था कर) आला, तो गेला, जीएसटी आला, आणि आज नाका ही गोष्ट नव्या पोरांना सांगूनही कळत नाही. ब्रिटनने उलट्या दिशेला प्रवास केला. नाके नव्हते, ते उभे केले.

तिथल्या सामान्य माणसाचं विचाराल तर खाण्यापिण्याचा खर्च वाढला. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या संशोधकांनी हिशोब मांडला होता की डिसेंबर २०१९ ते मार्च २०२३ या काळात ब्रेक्झिटच्या अडथळ्यांमुळे दर घरामागे सरासरी २५० पौंड जास्त गेले. युरोपियन युनियनमध्ये कुठेही राहा, काम करा ही मुभा संपली, आता पाहुणा म्हणून १८० दिवसांत ९० दिवस. काही मोबाईल कंपन्यांनी युरोपातल्या रोमिंगचे पैसे पुन्हा लावले. सुरुवातीला तर डच कस्टमवाल्यांनी ब्रिटनहून बोटीने आलेल्या ट्रक ड्रायव्हरांच्या डब्यातली हॅम सँडविच काढून घेतली, कारण बाहेरच्या देशातून मांस आणता येत नाही. २०२१ च्या शरद ऋतूत ड्रायव्हर कमी पडले आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या.

सगळ्यात जास्त मार बसला तो आमच्यासारख्या छोट्यांना. त्याच संस्थेच्या नंतरच्या अभ्यासात आलं की सुमारे १६,४०० ब्रिटिश कंपन्यांनी युरोपियन युनियनला माल पाठवणंच सोडून दिलं. मोठ्या कंपन्या तगल्या. त्यांना कागदासाठी चार माणसं ठेवता येतात. छोट्याला एक कागद वाढला तरी तो मालकाच्या बायकोच्या टेबलावर येतो. बंदी कुणी घातली नव्हती, परवडेना म्हणून लोकांनी सोडलं. असं मूकपणे सोडलेलं बातमीत येत नाही, म्हणून तुम्हाला काही बदललेलं दिसत नाही.

राजकारणात काय झालं? २०१६ पासून २०२४ पर्यंत कॅमेरन, मे, जॉन्सन, ट्रस, सुनक, स्टार्मर असे सहा पंतप्रधान. स्थलांतर कमी करू म्हणून मतं घेतली. युरोपातून येणारे घटले, पण बाहेरून येणारे वाढले, त्यात आपले भारतीय आघाडीवर. पुण्यातल्या किती घरांतली मुलं शिकायला गेली, कारण जुलै २०२१ पासून शिक्षणानंतर दोन वर्षं थांबायचा व्हिसा सुरू झाला. तिथला मतदार चिडला, मग जानेवारी २०२४ पासून बहुतेक विद्यार्थ्यांना कुटुंब नेता येईना. उत्तर आयर्लंडचं तर अजून अवघड: तो ब्रिटनचा भाग, पण शेजारचा आयर्लंड देश युरोपियन युनियनमध्येच. आयर्लंड बेटावर सीमा नको म्हणून मालाची तपासणी समुद्रावर नेली, म्हणजे ब्रिटनच्याच एका भागातून दुसऱ्या भागात जाणाऱ्या मालाला कागद. त्या भांडणात फेब्रुवारी २०२२ पासून दोन वर्षं तिथे प्रांताचं सरकारच नव्हतं. कागद ही बारकी गोष्ट आहे असं म्हणणाऱ्यांना मी हे उदाहरण देते.

भारताने करार सोडावेत का? माझ्या मते नाही. लोक लगेच आरसेपचं, म्हणजे आशिया-पॅसिफिक देशांच्या व्यापार कराराचं, उदाहरण देतात. ते इथे लागू होत नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये आपण बँकॉकला सांगितलं की आम्ही सही करणार नाही. ते न शिरणं होतं. त्यात आपलं नुकसान किती, फायदा किती, यावर चर्चा करता येईल, पण उभं असलेलं काही मोडलं नाही. ब्रिटन १९७३ मध्ये आत गेलं होतं. जवळजवळ अर्धं शतक लोकांनी गोदामं, गिऱ्हाईकं, भाव, नोकऱ्या सगळं त्या मोकळ्या रस्त्याच्या हिशोबाने बांधलं. ते मोडताना प्रत्येक सांधा वेगळा दुखतो. आग्नेय आशियातल्या देशांच्या आसियान गटाशी आपला व्यापार करार २०१० पासून लागू आहे, त्याच्याविरुद्ध आमच्या लाइनमध्येही तक्रारी आहेत, काही अगदी रास्त आहेत. तर बसून बदलून घ्या, जिथून माल भलत्या वाटेने येतो तिथे मूळ देशाचे (माल खरा कुठे बनला हे ठरवणारे) नियम कडक करा. पण बाहेर पडू म्हणणाऱ्या माणसाला आधी विचारा की त्याने आयुष्यात एक तरी शिपिंग बिल भरलंय का.

एवढं सगळं लिहिल्यावर दुसरी बाजूही सांगायला हवी. २०२१ मध्ये करोना होता, कंटेनरचं भाडं अव्वाच्या सव्वा झालं होतं, पुढे युक्रेनचं युद्ध आणि वीज-गॅसचे भाव. त्यामुळे जर्मन गिऱ्हाईक गेलं ते शंभर टक्के ब्रेक्झिटमुळेच, असं मी शपथेवर सांगणार नाही. ब्रिटनच्या सरकारी अंदाजपत्रकीय संस्थेचा अंदाज आहे की लांब पल्ल्यात देशाची उत्पादकता ४ टक्क्यांनी कमी राहील. तोही अंदाज आहे, आणि देश काही बुडालेला नाही. आपले कायदे आपण करू, हे ज्यांना पैशापेक्षा मोठं वाटलं त्यांचं मत चुकीचं ठरवणारी मी कोण? शिवाय बाहेर पडल्यामुळेच ब्रिटनला भारताशी स्वतंत्र करार करता आला. २४ जुलै २०२५ ला त्यावर सह्या झाल्या, भारतीय मालाच्या ९९ टक्के प्रकारांवर शून्य ड्युटी. आमचे पितळी भागही त्यात येतात. फायदा होईल, मान्य.

तर आता भाऊजींनी पुन्हा काढलंय की सगळा माल इंग्लंडमार्गे पाठवू, तिथे ड्युटीच नाही. मी त्यांना दाखवलं की ती शून्य ड्युटी इंग्लंडच्या दारापुरती आहे. आपलं मूळ देशाचं प्रमाणपत्र तिथे संपतं, जर्मनीला पुढे नेताना ते काही कामाचं नाही. युरोपियन युनियनचा कागद वेगळा, त्याचं गोदाम वेगळं. तुमचाही माल असाच दोन ठिकाणी जात असेल तर सीएचएला आजच विचारा की इंग्लंडमध्ये कस्टमच्या बाँडेड गोदामात ठेवून, तिथली ड्युटी न भरता, ट्रान्झिटवर, म्हणजे नुसता वाटेतला माल म्हणून, पुढे पाठवता येईल का. थोडा मालच पुढे जाणार असेल तर ते परवडतं. निम्मा जाणार असेल तर रॉटरडॅमला थेट पाठवा. मी गोदामाच्या भाड्याची दोन कोटेशनं मागवून यजमानांच्या टेबलावर ठेवली आहेत आणि या वेळी मला लेखी उत्तर हवंय, असं भाऊजींना सांगितलंय.