वेगळा प्रीॲम्प घेऊ का? घरच्या स्टुडिओबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नमस्कार सर, मी ठाण्यात मानपाड्याला राहते, बिल्डिंग घोडबंदर रोडला लागूनच आहे. गाणं शिकवते आणि अभंग-भावगीतं घरीच रेकॉर्ड करते. इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडायचा डबा) फोकसराइट स्कारलेट टूआयटू, तिसऱ्या जनरेशनचा, माइक शुअर एसएम७बी. गेन (सिग्नल वाढवायचा नॉब) फुल केला तरी आवाज बारीक येतो, मग सॉफ्टवेअरमध्ये वाढवला की मागे सूंऽऽ असा आवाज येतो. ओळखीतले एक साउंडवाले म्हणाले, इंटरफेसमधले प्रीॲम्प (माइकचा बारीक सिग्नल वाढवणारे सर्किट) कामाचे नसतात, वेगळा घ्या, चाळीसेक हजार जातील पण आवाज एकदम स्टुडिओसारखा होईल. घेऊ का?

उत्तर : ताई, चाळीस हजार अजून खिशातच राहू द्या. आधी तो सूं कुठून येतोय ते शोधू.

तुमचा माइक मुळातच हळू बोलणारा आहे. एसएम७बीचं आउटपुट खूप कमी असतं, कंपनी स्वतःच सांगते की त्याला साधारण ६० डीबी (डेसिबल, पातळी मोजायचं माप) गेन लागतो, आणि तुमच्या इंटरफेसचा माइक गेन ५६ डीबीला संपतो. म्हणजे नॉब शेवटपर्यंत जातोय यात तुमची चूक नाही आणि इंटरफेस बिघडलेलाही नाही, ही जोडीच जरा विजोड आहे. त्याच इंटरफेसला साधा कंडेन्सर माइक (ज्याचं आउटपुट बरंच जास्त असतं) लावलात तर नॉब अर्ध्यावर असतानाच लाल दिवा लागेल.

आता टेस्ट करा. गेन नेहमीसारखाच ठेवायचा, पंखा-एसी बंद, माइक गोधडीत नीट गुंडाळून कपाटात ठेवायचा, दार लावायचं आणि अर्धा मिनिट रेकॉर्ड करायचं. मग माइक बाहेर काढून नेहमीच्या जागी ठेवायचा, पंखा चालू, आणि पुन्हा अर्धा मिनिट. दोन्ही क्लिप एकाच लेव्हलला वाढवून हेडफोनवर ऐका. कपाटातल्या क्लिपमध्ये जो सूं उरलाय तेवढाच माइकचा आणि प्रीॲम्पचा, बाकीचा सगळा पंख्याचा, फ्रिजचा आणि घोडबंदरवरून रात्रभर जाणाऱ्या अवजड गाड्यांचा. माझा अंदाज विचाराल तर दुसरी क्लिप बरीच जास्त गजबजलेली निघेल, आणि तो गजबजाट कितीही महाग प्रीॲम्प आणला तरी जाणार नाही, उलट आणखी स्वच्छ ऐकू येईल.

आणि खरंच सगळा सूं इलेक्ट्रॉनिक्सचाच निघाला तर? तरी सुद्धा एक हिशोब लक्षात घ्या. १५० ओमच्या सोर्सचा, म्हणजे माइकसारख्या वस्तूचा, स्वतःचाच, नुसत्या उष्णतेमुळे होणारा नॉइज असतो, तो प्रीॲम्पच्या इनपुटला साधारण −१३१ डीबीयू पडतो (हेही पातळीचंच माप, आकडा शून्याच्या जितका खाली तितका नॉइज कमी), त्याच्या खाली जगातला कोणताच प्रीॲम्प नेऊ शकत नाही, तो नियम फिजिक्सचा आहे. आणि आजचे बरे होम इंटरफेस −१२७, −१२८ च्या आसपास असतातच. म्हणजे चाळीस हजार घालून नॉइजमध्ये मिळणार काय, तर फार तर दोन-चार डीबी. ते तुम्हाला फुकटात मिळू शकतात. माइक आणि तोंड यातलं अंतर निम्मं केलं की आवाज ६ डीबी वाढतो. एक फुटावरून गात असाल तर सहा इंचांवर या, ६ डीबी, तीन इंचांवर या, १२ डीबी, आणि खोलीचा आवाज मात्र तेवढाच राहतो. एसएम७बी जवळूनच गाण्या-बोलण्यासाठी बनवलाय, त्याचा फोम त्यासाठीच आहे. जवळ गेल्यावर खर्ज जास्त वाटला तर माइकच्या मागे बेस कमी करायचा स्विच आहे, तो वापरा.

एवढं करूनही गेन कमी पडला, समजा अगदी हळुवार गायचंय, तर क्लाउडलिफ्टरसारखा छोटा बूस्टर मिळतो, माइक आणि इंटरफेसच्या मध्ये लावायचा, २५ डीबीपर्यंत वाढवतो. त्याला इंटरफेसचं ४८ व्होल्टचं फँटम पॉवर (माइकच्या वायरमधूनच जाणारी वीज) चालू ठेवावं लागतं, घाबरू नका, ते पुढे माइकपर्यंत जात नाही. किंवा इंटरफेसच बदलायचा असेल तर त्याच टूआयटूच्या चौथ्या जनरेशनला ६९ डीबी गेन आहे, तिथे प्रश्नच मिटतो.

मग वेगळे प्रीॲम्प घेणारे सगळे वेडे का? नाही हो. नीव्हचा १०७३, १९७० चं डिझाइन, आतमध्ये ट्रान्सफॉर्मर, जरा जोरात चालवला की आवाजाला एक जाडी येते, ती आवडते म्हणून लोक घेतात. पण ती रंगसंगती झाली, नॉइजवरचा इलाज नाही. आणि घेतलाच कधी, तर त्याची वायर इंटरफेसच्या माइक इनपुटमध्ये घालू नका, लाइन इनपुटमध्ये (आधीच वाढवलेल्या सिग्नलसाठीच्या) घाला. त्यातही मेख अशी की बऱ्याच स्वस्त इंटरफेसमध्ये लाइन इनपुटसुद्धा आतल्या त्याच प्रीॲम्पमधून जातो, फक्त आधी सिग्नल दाबलेला असतो, म्हणजे महागड्याच्या मागे परत जुनाच. हे दुकानात कुणी सांगत नाही.

आत्ता पैसे घालवायचेच असतील तर रस्त्याकडच्या खिडकीला जाड पडदे, रबरी पट्ट्या, आणि शक्य असेल तर माइकची जागा आतल्या बेडरूममध्ये, कपड्यांच्या उघड्या कपाटाकडे तोंड करून. हसू नका, चालतं.

प्रश्न : दादा, खारघरला आमचं भजनी मंडळ आहे. पेटी, पखवाज, मुख्य गायक, मागे चार जण आणि टाळ. आतापर्यंत मोबाइलवर केलं, आता इंटरफेस घ्यायचाय. दोन इनपुटचा घेऊ की आठचा? लॅपटॉप साधाच आहे.

उत्तर : पुढे वाढवायची सोय नसलेला नुसता दोनचा घेतलात तर महिन्याभरात वैतागाल. तुमचा हिशोब बघा : पखवाजाला दोन्ही तोंडांना एकेक असे दोन माइक, पेटीला एक, गायकाला एक, झाले चार. मागच्या चौघांना मिळून एक पुरतो, पाच. टाळाला वेगळा माइक देऊच नका, टाळ सगळ्या माइकमध्ये आगंतुकासारखा शिरतोच, फक्त टाळकऱ्यांना जरा लांब बसवा.

पण आठ प्रीॲम्पचा मोठा डबा एकदम घ्यायची गरज नाही. इंटरफेस घेताना मागे ऑप्टिकल इनपुट आहे का तेवढं बघा, ज्याला एडॅट म्हणतात. ते असेल तर पुढे आठ प्रीॲम्पचा वेगळा बॉक्स एका वायरने जोडता येतो आणि ८ चॅनेल वाढतात, सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे तो आकडा) ४८ किलोहर्ट्झपर्यंत असेल तर, ९६ वर गेलात की चारच. ऑडियंटचा आयडी१४ दिसायला एवढासा, दोन प्रीॲम्पचा, पण त्याला हे इनपुट आहे. तुम्ही ४८ वरच ठेवा, भजनाला पुरून उरतं आणि साध्या लॅपटॉपलाही झेपतं. जोडल्यावर मध्येमध्ये टिक-टिक ऐकू आलं तर ते बहुतेक वेळा क्लॉकचं (दोन्ही डबे ज्या तालावर नमुने घेतात त्या घड्याळाचं) असतं, दोघांपैकी एकालाच मास्टर ठेवायचं, दुसऱ्याला त्याच्याकडून क्लॉक घ्यायला सांगायचं.

विंडोज लॅपटॉप असेल तर इंटरफेसच्या कंपनीचा स्वतःचा एझिओ ड्रायव्हर (लॅपटॉप आणि इंटरफेस यांचं बोलणं जुळवणारं सॉफ्टवेअर) टाका. आणि रेकॉर्ड करताना लेव्हल लालपर्यंत नेऊ नका, २४ बिटमध्ये भरपूर जागा असते, पखवाजाची जोरदार थाप मीटरवर −१० च्या आसपास पोचली तरी काही बिघडत नाही. शेवटच्या गजरात सगळे दुप्पट जोरात गातात, गेन त्या हिशोबाने लावा, पहिल्या अभंगाच्या नाही.

प्रश्न : काका, मी ऐरोलीचा, बारावीत आहे. गिटार डायरेक्ट इंटरफेसला लावतो. लॅपटॉपचा चार्जर लावला की घूंऽऽ आवाज येतो, काढला की बंद. मित्र म्हणतो चार्जरची तिसरी पिन काढून टाक. इंटरफेस बदलू का?

उत्तर : पिन अजिबात काढायची नाही, मित्राला पण सांग. ती अर्थिंगची पिन आहे, ती नसताना काही लीक झालं तर गिटारच्या तारांमधून शॉक तुलाच बसेल.

इंटरफेस ठीक आहे तुझा. चार्जर काढल्यावर आवाज जातो म्हणजे हा बहुतेक ग्राउंड लूप (अर्थिंगच्या एकाहून जास्त वाटांमुळे तयार होणारं वर्तुळ), नाहीतर चार्जरचीच घाण यूएसबीतून आत येतेय. आधी लॅपटॉप, स्पीकर, जे काही जोडलंय ते सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घे. स्पीकरला साधी मोनो वायर असेल तर तीन कॉन्टॅक्टवाली बॅलन्स्ड वायर लाव, बऱ्याचदा तिथेच काम होतं. गिटार इन्स्ट किंवा हाय-झी लिहिलेल्या, म्हणजे गिटारसारख्या वाद्यांसाठीच्या, इनपुटमध्येच आहे ना, तेही बघ, नाहीतर आवाज मेलेला येतो आणि गेन उगाच वाढवावा लागतो. बाबांना सांगून एकदा इलेक्ट्रिशियनकडून घरचं अर्थिंग तपासून घे, जुन्या बिल्डिंगमध्ये सॉकेटला तिसरं भोक असतं पण मागे वायरच नसते असं खूप ठिकाणी सापडतं. आणि तोपर्यंत टेक द्यायचा असेल तर बॅटरी फुल चार्ज कर, चार्जर काढ आणि वाजव.